पाऊस चौपट, हंडा तोच : कोकण आणि मराठवाड्याच्या हवामानाची तुलना

मराठवाड्यात कोकणाचं नाव निघालं की लोक म्हणतात, "त्यांना काय, पाणीच पाणी!" आणि कोकणात मराठवाड्याचा विषय निघाला की ऐकू येतं, "पाऊस कमी असेल, पण जमीन बघा केवढी सपाट आणि काळीभोर." दोन्हीकडच्या लोकांना वाटतं की समोरच्याचं बरं चाललंय.

आम्ही मूळचे मराठवाड्याचे, पण शिक्षकाच्या नोकरीची पहिली काही वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात काढली. बीड, परभणी, जालना, नांदेडकडचे असे बरेच शिक्षक आजही कोकणातल्या शाळांत आहेत. दोन्हीकडे भूगोल शिकवताना एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारायचे : मराठवाड्याच्या चौपट-पाचपट पाऊस कोकणात पडतो, मग मे महिन्यात कोकणातल्या वाड्यांवर पाण्याचे टँकर का येतात? प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर नीट समजून घेतलं तर आपल्या राज्याचा अर्धा भूगोल समजतो. शिवाय आपल्या मोहल्ल्यातल्या पाण्याचं काय करायचं, हेही समजतं.

आधी नकाशा पाहू

कोकण म्हणजे अरबी समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली चिंचोळी पट्टी. उत्तरेला पालघर, दक्षिणेला सिंधुदुर्ग, मध्ये ठाणे, मुंबईचे दोन जिल्हे, रायगड आणि रत्नागिरी. किनारपट्टी सुमारे ७२० किलोमीटर लांब, पण रुंदी फार कमी. समुद्रापासून निघालं की काही तासांत आपण घाटाच्या पायथ्याशी पोहोचतो. क्षेत्रफळ सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर. जमीन सपाट अशी नाहीच. डोंगर, उतार, कातळाचे सडे, मध्येच खाडी, आणि दोन डोंगरांच्या बेचक्यात भाताची खाचरं.

मराठवाडा याच्या अगदी उलट. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव (उस्मानाबाद) असे आठ जिल्हे, आणि क्षेत्रफळ कोकणाच्या दुपटीहून जास्त, म्हणजे सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर. हा दख्खनच्या पठाराचा भाग. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये बालाघाटची रांग, आणि बाकी लांबच लांब पसरलेलं पठार. समुद्र इथून दूर आहे, म्हणून समुद्राचा गारवाही दूर आहे.

एकच वारा, दोन नशिबं

जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून भरपूर बाष्प घेऊन येतात. किनाऱ्यावर आल्यावर त्यांच्यापुढे सह्याद्रीची भिंत उभी असते. भिंत ओलांडायची तर वर चढावं लागतं. हवा वर चढली की ती थंड होते, आणि थंड हवेत बाष्प फार मावत नाही. ते ढग होऊन तिथेच कोसळतं. म्हणून कोकणात साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. घाटमाथ्यावर तर विचारू नका. आंबोलीसारख्या ठिकाणी हा आकडा याच्या दुपटीपर्यंत जातो.

डोंगर ओलांडून वारा पूर्वेकडे उतरतो तेव्हा तो पुन्हा गरम होतो आणि कोरडा पडतो. या भागाला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सावलीत जसं ऊन पोहोचत नाही, तसा डोंगराच्या या सावलीत पाऊस पोहोचत नाही. अहिल्यानगर (अहमदनगर), सोलापूर, बीड, धाराशिव यांचा बराच भाग या सावलीत येतो. मराठवाड्याची पावसाळ्यातली सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपण म्हणतो की समुद्रापासून लांब गेलं की पाऊस कमी होतो. मग मराठवाड्यात पूर्वेकडे जाल तसा पाऊस आणखी घटायला हवा. पण नांदेडमध्ये बीडपेक्षा पाऊस जास्त पडतो! कारण नांदेड, हिंगोलीकडे बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा फायदा मिळतो. म्हणजे मराठवाडा दोन समुद्रांच्या मध्ये आहे, आणि त्यातला बीड-धाराशिवचा पट्टा दोघांपासूनही लांब पडलेला. म्हणूनच आपल्या भागातले शेतकरी सप्टेंबरच्या पावसाची एवढी वाट पाहतात. जूनचा पाऊस पेरणी करवतो, पण विहिरी भरतो तो बहुतेक वेळा परतीचा पाऊस.

पावसाच्या दिवसांतही फरक आहे. कोकणात वर्षाला शंभराच्या आसपास दिवस चांगला पाऊस असतो, मराठवाड्यात चाळीस-पन्नास. त्यातही दोन पावसांमध्ये तीन-तीन आठवड्यांची उघडीप पडते. सरासरी गाठली तरी पीक जातं, ते या उघडिपीमुळे.

उन्हाळा आणि थंडी

मे महिन्यात रत्नागिरीचा पारा ३३-३४ अंशांवर असतो, तर बीड-परभणीकडे तो ४१-४२ पर्यंत चढतो. आकडा पाहून वाटेल की कोकणात मजा आहे. पण कोकणातली हवा दमट. घाम येतो आणि सुकत नाही, त्यामुळे ३३ अंशांतही जीव कासावीस होतो. मराठवाड्यात ऊन भाजून काढतं, पण सावलीत आणि रात्री अंगणात जरा बरं वाटतं.

हिवाळ्यात फरक आणखी कळतो. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली येतो. फजरच्या नमाजला निघताना शाल लागतेच. कोकण किनाऱ्यावर त्याच पहाटे साधारण १८-१९ अंश असतात. समुद्राचं पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहून किनाऱ्याचं तापमान सांभाळून घेतात. पठाराच्या जमिनीला असा सांभाळणारा कोणी नाही. ती लवकर तापते आणि लवकर निवते.

घर, ताट आणि भाषा

हवामानाचा ठसा माणसाच्या राहणीवर पडतोच. कोकणातलं जुनं घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं, वर उतरतं कौलारू छप्पर, म्हणजे पाणी क्षणभरही थांबू नये. मराठवाड्यातलं जुनं घर जाड भिंतींचं, वर मातीचं सपाट माळवद. ऊन आत येऊ नये आणि रात्री वर झोपता यावं म्हणून. कमी पावसाच्या प्रदेशात हे घर अगदी योग्य होतं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हीच जड दगडमातीची घरं हजारो लोकांवर कोसळली, हेही विसरता येत नाही.

कोकणी मुसलमानांच्या ताटात भात, मासळी, तांदळाची भाकरी आणि नारळ. मराठवाड्यात ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, आणि औरंगाबादच्या दावतीत नान-कलिया. चौल, दाभोळसारख्या बंदरांमधून अरब व्यापाऱ्यांशी शेकडो वर्षं संबंध राहिले, म्हणून कोकणी माणसाची नजर समुद्रापलीकडे. तो मुंबईला गेला, आखाती देशांत गेला, त्याच्या आधी दक्षिण आफ्रिकेतही गेला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आमच्या बोलीत दखनी उर्दू आणि मराठी इतकी मिसळली की कधी कधी एकाच वाक्यात दोन्ही येतात.

दोन्हीकडची माणसं पोटासाठी बाहेर पडतात, पण त्यातही फरक आहे. कोकणातला माणूस डोंगराळ, तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर भागत नाही म्हणून वर्षानुवर्षं बाहेर राहतो. बीडकडचा मजूर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. एकाची मुलं बापाशी फोनवर बोलतात, दुसऱ्याची मुलं बापाबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा बुडते. शिक्षक म्हणून आम्ही दोन्ही पाहिलं आहे.

आता मूळ प्रश्न : पाणी जातं कुठे?

कोकणात पडलेलं पाणी थांबत नाही. याची तीन कारणं.

पहिलं कारण उतार. सह्याद्रीच्या माथ्यावरून निघालेली नदी थोड्याच अंतरात समुद्रसपाटीला येते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या लांबीने लहान आणि वेगाने धावणाऱ्या. सकाळी घाटात पडलेला पाऊस संध्याकाळपर्यंत खाडीत पोहोचलेला असतो. याउलट गोदावरी पाहा. तिचा उगम त्र्यंबकेश्वरजवळ, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर. पण ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच डोंगररांगेतून निघालेल्या नद्या, पण एकीचा प्रवास काही तासांचा आणि दुसरीचा अर्ध्या भारताचा.

दुसरं कारण दगड. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, वर जांभा दगड आहे. त्याला बारीक छिद्रं असतात. पाणी त्यात मुरतं खरं, पण साठून राहत नाही. खाली झिरपत जाऊन उतारावरच्या झऱ्यांमधून, पऱ्यांमधून बाहेर पडतं. दिवाळीला भरलेली विहीर मार्च-एप्रिलमध्ये तळ दाखवते ती यामुळे.

तिसरं कारण खाडी. आपल्या बऱ्याच कोकणी मोहल्ल्यांची वस्ती खाडीकाठी आहे. उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खाडीकाठच्या विहिरींत खारट पाणी शिरतं. समोर पाणी दिसतं, पण पिता येत नाही.

मराठवाड्यातला अडथळा वेगळा आहे. इथे खाली बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा थर. तो घट्ट असतो. पाणी साठतं ते फक्त त्याच्या भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाड थरात. त्यावर काळी माती. ही माती ओल धरून ठेवते, त्यामुळे रब्बीची ज्वारी आणि हरभरा पावसाशिवायही येतो. ही मोठी बरकत आहे. पण हीच माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. जोराचा पाऊस आला की वरून वाहून जातो. मग लोक बोअर खोल नेतात. शंभर फुटांवरचं पाणी संपलं की तीनशे, तीनशेचं संपलं की सहाशे. भेगेतलं पाणी उपसणं सोपं आहे, पण ती भेग पुन्हा भरायला अनेक पावसाळे लागतात.

त्यात बारमाही पाणी मागणारा ऊस याच कोरड्या भागात वाढला. पैठणचं जायकवाडी धरण मराठवाड्याचा आधार आहे. त्याची साठवण सुमारे १०२ टीएमसी. पण नाथसागर पसरट आणि उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात त्यातलं बरंच पाणी वाफ होऊन उडतं. वरच्या बाजूच्या नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं, यावर दुष्काळी वर्षांत कोर्टापर्यंत वाद जातात.

दोन तारखा

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पुराच्या पाण्यात बुडाली, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. एकीकडे पाण्यासाठी आगगाडी, दुसरीकडे पाण्यामुळे जनाजे. पाच वर्षांच्या अंतराने एकाच राज्यात हे घडलं.

आता तर या सीमाही पुसट होत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीडकडे इतका पाऊस झाला की कायम दुष्काळी म्हणवणाऱ्या गावांत लोकांना बोटीने बाहेर काढावं लागलं आणि शेतातली काळी माती खरवडून गेली. समुद्र आणि हवा तापत चालली की पाऊस थोड्या दिवसांत जास्त कोसळतो आणि मधली उघडीप लांबते, असं हवामानशास्त्र सांगतं. म्हणजे पाणी थांबवण्याची गरज दोन्हीकडे वाढणार आहे.

आपल्या पूर्वजांनी काय केलं?

हे काम नवीन नाही. हबशी वंशाच्या मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचं औरंगाबाद वसवलं. शहर मोठं करायचं तर पाणी हवं, आणि जवळ बारमाही मोठी नदी नाही. त्याने डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालच्या नहरीतून उतारानेच शहरात आणलं. ही नहर-ए-अंबरी. पाणी जमिनीखालून आलं म्हणून उन्हाने उडालं नाही. पुढे पाणचक्कीसाठीही याच तंत्राने डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणलं गेलं.

तिकडे कोकणात, मुरूडजवळ भर समुद्रात सिद्दींचा जंजिरा. तेही मूळ हबशीच. चारी बाजूंना खारं पाणी, आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. एका ठिकाणी पाणी लांबून आणलं, दुसऱ्या ठिकाणी ते जागीच साठवलं. आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी इथली जमीन ओळखली आणि जमिनीप्रमाणे उपाय केला. नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाही काळात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आजही उभा आहे. आपण सहलीला जाऊन तिथे फोटो काढतो. मुलांना त्यामागचं गणितही सांगावं.

गणित छपराचं

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. सातवी-आठवीतला मुलगाही हे करू शकतो. समजा, मशिदीचं किंवा शाळेचं छप्पर ३०० चौरस मीटर आहे. बीडकडे ६५० मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला १ लाख ९५ हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी १ लाख ५६ हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे ३१ टँकर. रत्नागिरीत ३,३०० मिलिमीटर धरले तर याच छपरावरून जवळपास ८ लाख लिटर. म्हणजे ज्या दुष्काळी गावात आपण टँकरची वाट पाहतो, तिथल्या एका मशिदीच्या छपरावरून दरवर्षी ३१ टँकर नालीत वाहून जातात.

पण दोन्हीकडे उपाय एकच ठेवला तर फसतो.

मराठवाड्यात छपराचं पाणी पन्हळीने एकत्र करून, वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात सोडावं. पाषाणाच्या भेगांत गेलेलं पाणी बऱ्यापैकी टिकतं आणि उन्हाने उडत नाही. शेतात बांधबंदिस्ती आणि शेततळी करावीत. जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावाने पाणलोटाचं काम आणि शेततळी यांच्या जोरावर कमी पावसात द्राक्षं पिकवून दाखवली आहेत.

कोकणात जमिनीत सोडलेलं पाणी जांभ्यातून निसटून जातं. तिथे बंद टाकी जास्त उपयोगी. टाकी जून-जुलैतच भरून जाते, म्हणून तिला हात लावायचा तो मार्चनंतर. आणि पावसाळा संपता संपता, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पऱ्यांवर माती भरलेल्या गोण्यांचे वनराई बंधारे घालावेत. झरे जिवंत असतानाच पाणी अडवलं तर आजूबाजूच्या विहिरी महिना-दोन महिने जास्त चालतात. खर्च गोण्यांचा आणि एका दिवसाच्या श्रमाचा.

दोन्हीकडे पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यावं, कारण त्यात छपरावरची धूळ आणि घाण असते. पिण्यासाठी वापरायचं तर गाळून, उकळून घ्यावं. वजूखान्याचं पाणीही गटारात सोडायची गरज नाही. शोषखड्ड्यात किंवा झाडांना देता येतं. जुमाच्या दिवशी वजूच्या एका नळाखाली बादली ठेवून पाहा, एका माणसामागे किती पाणी जातं ते कळेल. पाण्याच्या इसराफवर वेगळं बयान करायची गरज पडणार नाही.

हे कोणासाठी?

कोकणातलं जास्तीचं पाणी बोगद्यांनी आणि पंपांनी घाटावर आणून गोदावरी खोऱ्यात सोडण्याच्या सरकारी योजनांची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. त्या व्हायच्या तेव्हा होतील. पण हंडा आज भरायचा असतो, आणि तो बहुतेक घरात मुलीच्या डोक्यावर असतो. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या हजेरीपटावर मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढतात. रत्नागिरीतही वाढायच्या आणि मराठवाड्यातही वाढतात. परीक्षेचे दिवस आणि पाणीटंचाईचे दिवस एकच असतात. पावसात चौपट-पाचपट फरक असूनही या एका बाबतीत दोन्ही प्रदेश सारखे आहेत.

म्हणून मशिदीच्या, मदरशाच्या आणि शाळेच्या जबाबदार मंडळींना आमची एकच विनंती. मिरगाच्या आधी छप्पर मोजा, आपल्या तालुक्याचा सरासरी पाऊस तहसील किंवा कृषी कार्यालयातून विचारून घ्या, आणि वरचं गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या. आकडा समोर आला की पन्हळ लावायला वर्गणी जमायला वेळ लागत नाही.